पहिली तबकडी आणि पुढचा गायक : पं. भीमसेन जोशी यांच्या १९४२ च्या ध्वनिमुद्रणाचा समीक्षात्मक विचार

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रिका, ख्याल, किराणा घराणे, भक्तिगीत, संतवाणी, संगीतसमीक्षा

प्रस्तावना

एखाद्या कलावंताचे पहिले प्रकाशित काम समीक्षकासमोर नेहमीच एक अडचण उभी करते. कवीचा पहिला संग्रह, चित्रकाराचे पहिले प्रदर्शन किंवा गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका यांच्याकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत त्या कामात पुढील थोरवीची सर्व चिन्हे आधीपासूनच होती असे मानले जाते. दुसऱ्या पद्धतीत ते काम उमेदवारीच्या काळातले म्हणून बाजूला सारले जाते. एक पद्धत भविष्यकथनाची, तर दुसरी विस्मरणाची आहे. दोन्हींत प्रत्यक्ष कामाचा विचार होत नाही.

पं. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ही अडचण विशेष ठळकपणे जाणवते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला आणि पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये 'हिज मास्टर्स व्हॉइस' म्हणजेच एच. एम. व्ही. या कंपनीने त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. पुढे विलंबित ख्यालाचा बादशहा म्हणून ज्याची ख्याती झाली, त्या गायकाच्या या पहिल्या ध्वनिमुद्रणात ख्याल नव्हता. त्यात कन्नड आणि हिंदी भाषांतील काही भक्तिगीते होती. महाराष्ट्राने ज्यांना आपला गायक मानले त्यांच्या या पहिल्या ध्वनिमुद्रणात मराठी भाषाही नव्हती.

या वस्तुस्थितीचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शास्त्रीय गायकाने भक्तिगीताने सुरुवात करावी, ही केवळ बाजाराची सक्ती होती काय? की त्या निवडीत त्याच्या गायकीविषयी काही सांगण्याजोगे दडले आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर आणखी एका प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. भीमसेनांची 'संतवाणी' ही त्यांच्या ख्यालगायनाच्या तुलनेत दुय्यम, लोकानुनयी निर्मिती होती, असा जो सूर जाणकारांच्या वर्तुळात अधूनमधून ऐकू येतो, तो कितपत ग्राह्य आहे?

तबकडीची मर्यादा

पहिल्या ध्वनिमुद्रणाचा विचार करताना प्रथम त्या माध्यमाचा विचार करणे आवश्यक आहे. १९४२ मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते सव्वातीन मिनिटांचे गायन मावत असे. गायकाला एवढ्या अवधीत आरंभ, विस्तार आणि समाप्ती साधावी लागे.

भारतात ध्वनिमुद्रणाचे युग १९०२ मध्ये सुरू झाले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गायन संपताच स्वतःचे नाव उच्चारण्याची त्यांची लकब जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना परिचित आहे. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात याच गैसबर्ग यांनी इटलीतील मिलान शहरात एन्रिको कारुसो या तरुण टेनर गायकाची दहा गीते मुद्रित केली होती. टेनर म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीतातील उंच पट्टीचा पुरुष आवाज. कारुसोच्या त्या ध्वनिमुद्रणाने पाश्चात्त्य जगात ग्रामोफोनला प्रतिष्ठा मिळाली.

एकच ध्वनिमुद्रक आणि एकच वर्ष असूनही दोन संगीतपरंपरांना हे माध्यम सारखे लाभले नाही. पाश्चात्त्य संगीतिकेतील 'आरिया' ही मुळातच स्वररचनाकाराने बांधून दिलेली, आदि-अंत असलेली कृती आहे. तिच्यापैकी अनेक रचना तीन-चार मिनिटांत पुऱ्या होतात. त्यामुळे तरुण टेनर गायकाला आपल्या मुख्य कलेचा नमुना पहिल्याच तबकडीत पुरेपूर दाखवता येई. ख्यालाचे तसे नाही. ख्यालात बंदिश हे केवळ निमित्त असते. तिच्या आधाराने होणारी रागाची बढत हीच खरी कृती होय. विलंबित एकतालाच्या एका आवर्तनालाच जिथे मिनिटभर लागू शकतो, तिथे तीन मिनिटांत बढत होणे अशक्यच. तबकडीत ख्यालाची रूपरेषा मावते, ख्याल मावत नाही.

यावर आक्षेप घेता येईल. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी याच तबकड्यांत राग गायिले, ठुमऱ्या गायिल्या, आणि आजही त्या तबकड्या किराणा गायकीचे प्रमाण मानल्या जातात. मग भीमसेनांनाच भक्तिगीत का गावे लागले? हा आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळे अवधीचे कारण एकटे पुरेसे ठरत नाही. मात्र येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या १९३० च्या दशकातील गाजलेल्या तबकड्या एका मुरलेल्या, सर्वपरिचित गायकाच्या होत्या. ज्यांनी त्यांची बैठक ऐकली होती, त्यांच्यासाठी ती तीन मिनिटे म्हणजे मोठ्या गायनाचे स्मरण होते. ज्यांनी ऐकली नव्हती, त्यांच्यापर्यंत त्यांचे नाव आधीच पोहोचले होते. वीस वर्षांच्या अपरिचित तरुणाच्या तबकडीला असा आधार नसतो. त्याच्या आवाजाला श्रोत्याच्या घरात प्रवेश मिळवून देण्यासाठी परिचित शब्दाची, परिचित भावाची सोबत लागते. भक्तिगीत ही सोबत देते.

काळाचाही विचार करावा लागेल. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा चित्रपट १९३६ मध्ये आणि 'संत ज्ञानेश्वर' १९४० मध्ये प्रदर्शित झाला होता. विष्णुपंत पागनीस यांच्या आवाजातील गाणी घरोघरी पोहोचली होती. भक्तिगीताला ध्वनिमुद्रणाच्या बाजारात स्थिर मागणी असण्याचा तो काळ होता. तेव्हा कंपनीच्या दृष्टीने ही निवड स्वाभाविक होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

गळ्याची घडण : रोण ते कुंदगोळ

मात्र कंपनीची निवड आणि गायकाची वृत्ती या दोन गोष्टी नेहमीच परस्परविरोधी असतात असे नाही. भीमसेनांच्या घडणीकडे पाहिले असता भक्तिसंगीत त्यांच्यावर बाहेरून लादले गेले होते, असे म्हणता येत नाही.

भीमसेनांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ रोजी तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील (आज गदग जिल्ह्यातील) रोण येथे झाला. वडील गुरुराज जोशी हे शिक्षक, तर आजोबा भीमाचार्य हे कीर्तनपरंपरेशी संबंधित होते. आई भजने गात असे. गावातून जाणाऱ्या भजनी मिरवणुकीच्या मागे हा मुलगा चालत जाई, दमला की वाटेत कुठेतरी झोपी जाई. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले, जेणेकरून लोक त्याला घरी आणून सोडतील, ही आठवण त्यांच्या चरित्रात सर्वत्र येते. गमतीदार वाटणारी ही आठवण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण राग, ताल, घराणे या शब्दांशी परिचय होण्यापूर्वी या मुलाने संगीत ऐकले ते रस्त्यावर, समूहात, देवाच्या नावाने चाललेले.

दुसरे संगीत त्याने ऐकले ते तबकडीतून. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील 'पिया बिन नही आवत चैन' ही ठुमरी ऐकून तो मुलगा झपाटून गेला आणि १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घराबाहेर पडला, असे सांगितले जाते. ग्वाल्हेर, कलकत्ता, रामपूर, जालंधर असा त्याचा प्रवास झाला. जालंधरला भेटलेल्या पं. विनायकराव पटवर्धन यांनी त्याला घराजवळच राहणाऱ्या सवाई गंधर्वांचे नाव सुचवले. १९३६ पासून सुमारे चार वर्षे भीमसेन कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकले.

रामभाऊ कुंदगोळकर उर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) हे अब्दुल करीम खाँचे शिष्य, तसेच मराठी रंगभूमीवरील नामवंत गायक नट. म्हणजे ज्या गुरूकडून भीमसेनांनी किराणा घराण्याची विद्या घेतली, त्या गुरूच्याच ठिकाणी ख्यालाची बैठक आणि नाटकाचे पद या दोन्हींचा वास होता. नाट्यपद हेही शब्दप्रधान, अल्पावधीचे, प्रेक्षकाला तत्काळ पोहोचणारे गायन. गुरुघरी या दोन प्रकारांत सोवळे-ओवळे नव्हते. परमगुरू अब्दुल करीम खाँ यांनी तर कर्नाटक संगीतातील त्यागराजांच्या कृतीचेही ध्वनिमुद्रण केले होते. बंदिस्त सीमा ओलांडणे हे या परंपरेला नवे नव्हते.

या दृष्टीने १९४२ च्या ध्वनिमुद्रणाकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. तबकडी ऐकून घर सोडलेला मुलगा नऊ वर्षांनी स्वतः तबकडीत उतरला. त्या वेळी त्याने जे गायिले ते त्याच्या गावातल्या मिरवणुकीच्या भजनाच्या अधिक जवळचे होते. त्याच्या बालपणीचे दोन संस्कार, समूहातील भजन आणि तबकडीतील एकल आवाज, येथे प्रथमच एकत्र आले.

टेनर गायकांच्या उदाहरणातून मिळणारा बोध

भक्तिगीताने किंवा देशी गीताने सुरुवात करणे ही केवळ भारतीय गायकाची गोष्ट नाही. पाश्चात्त्य टेनर गायकांच्या इतिहासातही कंपन्यांनी तरुण गायकाकडून प्रथम मायदेशाची गाणी गाऊन घेतल्याचे दिसते. जॉन मॅक्कॉर्मॅक (१८८४–१९४५) हा आयरिश टेनर याचे ठळक उदाहरण आहे. १९०३ मध्ये त्याने डब्लिनच्या संगीतस्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि १९०४ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्यांत आयरिश गीतांचा भरणा होता. त्याचे इटलीतील शिक्षण १९०५ मध्ये सुरू झाले आणि १९०७ मध्ये तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन रंगमंदिरात संगीतिकेत गायला. म्हणजे प्रथम मायदेशाचे गीत आणि नंतर अभिजात विद्येची पूर्तता, असा क्रम होता. पुढे थोर गायक म्हणून मान्यता मिळाल्यावरही त्याने आयरिश गीते सोडली नाहीत.

स्कॉटलंडच्या केनेथ मॅकेलर (१९२७–२०१०) या टेनर गायकाची वाट वेगळी होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण घेऊन तो कार्ल रोझा संगीतिका मंडळीत गायला, परंतु त्या जगात तो रमला नाही. डेक्का कंपनीसाठी गायिलेल्या स्कॉटिश गीतांमुळे त्याला कीर्ती मिळाली. त्याचा आवाज अभिजात शिक्षणाने घडला होता, पण त्याची ओळख मायदेशाच्या गीतांची राहिली.

या दोन उदाहरणांतून भीमसेनांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणापुढे कोणत्या वाटा खुल्या होत्या, हे कळते. १९४२ मध्ये ते ज्या टप्प्यावर होते, तेथून मॅकेलरसारखे केवळ गीतगायक होणे अशक्य नव्हते. तसे झाले असते तर एक गोड आवाजाचा भक्तिगीत गायक म्हणून त्यांची नोंद राहिली असती आणि ती नोंद अप्रतिष्ठेची ठरली नसती. पण त्यांनी मॅक्कॉर्मॅकप्रमाणे दोन्ही वाटा धरल्या. त्यांपैकी ख्यालाची वाट त्यांनी इतकी दूर नेली की पहिली वाट लोकांच्या नजरेआड झाली.

तबकडीत न मावलेला गायक

पहिल्या ध्वनिमुद्रणाला अवाजवी महत्त्व देणेही चुकीचे ठरेल. १९४२ नंतर जे घडले ते त्या तबकडीत बीजरूपाने होते, असा दावा समीक्षकाला करता येणार नाही. १९४३ मध्ये भीमसेन मुंबईला आले आणि आकाशवाणीवर गाऊ लागले. १९४६ मध्ये सवाई गंधर्वांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त झालेल्या मैफलीतील गायनाने जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये गुरूंचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. या महोत्सवाची धुरा भीमसेनांनी दीर्घकाळ वाहिली.

या वर्षांत त्यांची जी गायकी सिद्ध झाली, तिची लक्षणे सर्वज्ञात आहेत. षड्जाची प्रदीर्घ स्थापना, एकेका स्वराला भोवतालच्या स्वरांच्या संदर्भात उजळत जाणारी किराणा पद्धतीची बढत, मंद्रातून तार सप्तकापर्यंत सावकाश चढत जाणारा आलाप आणि अखेरीस धबधब्यासारख्या कोसळणाऱ्या गमकयुक्त ताना. या तानांचा आवेश मूळ किराणा गायकीतील नव्हे. केसरबाई केरकर, उस्ताद अमीर खाँ अशा इतर घराण्यांतील गायकांचे ऋण भीमसेनांनी मोकळेपणाने मानले होते. शुद्ध कल्याण, मियाँ की तोडी, पूरिया धनाश्री, मुलतानी, दरबारी हे राग त्यांच्या नावाशी जोडले गेले ते या बढतीमुळे.

यांपैकी बढत हे लक्षण तीन मिनिटांच्या भक्तिगीतात प्रकट होऊच शकत नाही. आवाजाचा लगाव, स्वराची नेमकी उंची, श्वासाचा दम, शब्दोच्चार या गोष्टी तेवढ्या अवधीत कळतात. परंतु अर्धा-पाऊण तास एका रागाचा तोल सांभाळण्याची शक्ती कळत नाही. ही शक्ती ध्वनिमुद्रणात उतरण्यासाठी दीर्घ अवधीच्या तबकडीची वाट पाहावी लागली. एका बाजूवर वीस मिनिटांच्या आसपास गायन सामावणारी ही तबकडी भारतात रुळल्यावरच भीमसेनांचा ख्याल घरात बसून ऐकता येऊ लागला. म्हणून असे म्हणता येईल की भीमसेनांचे पहिले ध्वनिमुद्रण १९४२ चे असले, तरी ख्यालगायक भीमसेनांचे खऱ्या अर्थाने पहिले ध्वनिमुद्रण त्यानंतर बऱ्याच काळाने, माध्यमाची कुवत वाढल्यावर झाले.

संतवाणी : परतणे की सातत्य?

ख्यालगायक म्हणून सर्वोच्च स्थानी पोहोचल्यावर भीमसेन अभंगाकडे वळले, असे सामान्यतः मांडले जाते. 'वळले' या क्रियापदात एक निर्णय दडलेला आहे. उंच जागेवरून खाली येणे, विद्वानांकडून लोकांकडे येणे, असा त्याचा ध्वनी आहे. काहींच्या मते ते औदार्य होते, तर काहींच्या मते ती तडजोड होती. दोन्ही मतांचे गृहीतक मात्र एकच आहे, की त्यांची मूळ जागा ख्यालाची होती आणि अभंग हा नंतरचा विस्तार होता.

१९४२ च्या ध्वनिमुद्रणाची वस्तुस्थिती हे गृहीतक मोडून काढते. प्रकाशित गायनाच्या क्रमात भक्तिगीत आधी आले आणि ख्याल नंतर. मधल्या काळातही हा धागा तुटलेला नाही. १९५३ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात भीमसेनांनी ग. दि. माडगूळकरांचे 'इंद्रायणी काठी' हे गीत गायिले. त्याचे संगीतही पु. लं.चेच होते. त्या वेळी भीमसेन एकतीस वर्षांचे होते आणि ख्यालाच्या मैफली गाजवत होते. पुढे राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या स्वररचनांतून त्यांचे अभंग महाराष्ट्रभर पोहोचले आणि 'संतवाणी' हा कार्यक्रम रूढ झाला. कन्नडमध्ये दासपदांचे गायनही समांतर चालू राहिले. म्हणून संतवाणीला 'परतणे' म्हणण्यापेक्षा 'सातत्य' म्हणणे अधिक युक्त ठरते.

येथे दुसरा आक्षेप संभवतो. १९४२ ची निवड जर कंपनीची असेल, तर तिच्यावरून गायकाच्या वृत्तीविषयी निष्कर्ष कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे. केवळ त्या एका तबकडीवरून असा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु ज्या काळात कोणतीही कंपनी किंवा कोणतीही गरज त्यांना भाग पाडू शकत नव्हती, त्या काळातही त्यांनी अभंग आणि दासपदे गायिली. सक्ती संपल्यावरही जी निवड टिकते, ती आरंभीही केवळ सक्तीची नव्हती, असे मानणे तर्काला धरून आहे.

सातत्य म्हणजे सारखेपणा मात्र नव्हे. संतवाणीतील भीमसेन १९४२ चे भीमसेन नाहीत. ख्यालाच्या तीस वर्षांच्या साधनेने त्यांच्या अभंगाचे रूप बदलले. अभंगातील एखादा शब्द धरून त्यावर आलापाची छोटी बढत करणे, नामाच्या उच्चाराला षड्जासारखे स्थिर करणे, चरणाच्या अखेरीस तानेने उसळी घेऊन पुन्हा ध्रुवपदावर येणे, ही सारी ख्यालाची देणगी होय. कार्यक्रमातील अभंगाला तबकडीच्या अवधीचे बंधनही उरले नव्हते. भक्तिगीताने त्यांना पहिली तबकडी दिली आणि ख्यालाने त्या भक्तिगीताला विस्तार दिला, अशी ही देवघेव आहे.

कन्नड शब्द, मराठी श्रोता

भीमसेनांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात कन्नड होती, मराठी नव्हती, या बाबीचाही स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. पुरंदरदासांसारख्या कन्नड हरिदासांचे आराध्य विठ्ठल होते आणि त्यांच्या पदांच्या शेवटी विठ्ठलाचे नाव मुद्रिकेसारखे येते. ज्ञानेश्वरांच्या नावावरील अभंगात विठ्ठलाला 'कानडा' म्हटले आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या या बहुभाषिक, बहुप्रांतीय घडणीचा सविस्तर शोध घेतला आहे. या पार्श्वभूमीवर कन्नड भक्तिगीतापासून मराठी अभंगापर्यंतचा भीमसेनांचा प्रवास हा परक्या प्रांतात प्रवेश नव्हता. एकाच दैवताच्या दोन भाषांमधील ते येणेजाणे होते.

मराठवाड्यातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९४२ मध्ये बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांच्या सहवासात हा प्रदेश १९४८ पर्यंत जगला. आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांची अंबाजोगाई याच जिल्ह्यात आहे. केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात ख्यालाची मैफल ऐकण्याची संधी दुर्मीळ, परंतु अभंग, भारूड, काकडा आणि हरिनाम सप्ताह ही नित्याची गोष्ट आहे. अशा गावातील श्रोत्याच्या कानी भीमसेनांचा आवाज प्रथम पडतो तो अभंगातून. या श्रोत्याच्या दृष्टीने अभंग हाच भीमसेनांच्या गायकीचा दरवाजा आहे. शुद्ध कल्याण तो नंतर ऐकतो, किंवा ऐकतही नाही.

आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत मात्र या श्रोत्याच्या अनुभवाला स्थान नाही. संगीताच्या अभ्यासक्रमात शास्त्रीय आणि सुगम असे दोन कप्पे आहेत. मराठीच्या अभ्यासक्रमात अभंग शिकवला जातो, पण तो कागदावरील संहिता म्हणून. त्याच्या गायनाचा विचार तेथे होत नाही. परिणामी भीमसेनांसारख्या गायकाचे अर्धे काम संगीत विभागाच्या दृष्टीने पुरेसे शास्त्रीय नसते आणि मराठी विभागाच्या दृष्टीने ते साहित्य नसते. अभंग गायिला जाताना कोणत्या शब्दावर आवाज थांबतो, कोणता चरण पुन्हा घेतला जातो, यातून संहितेचा जो अर्थ उलगडतो, तो कोणाच्याच वाट्याला येत नाही. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी हा अर्थ घरून कानात घेऊन येतो आणि वर्गात तो विसरायला शिकतो. ही हानी गायकाची नाही, अध्यापनाची आहे.

पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या समीक्षेचे निकष

वरील विवेचनावरून कोणत्याही तरुण गायकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचा विचार करताना काही पथ्ये पाळावी लागतील असे दिसते.

पहिले पथ्य असे, की माध्यमाने काय अशक्य केले आहे हे आधी तपासावे. तीन मिनिटांच्या तबकडीत बढत नाही, हा गायकाचा दोष नव्हे. आज अवधीचे बंधन राहिलेले नाही, पण वेगळी बंधने आली आहेत. तुकड्यांत ध्वनिमुद्रण करून ते जोडणे, सुराची दुरुस्ती यंत्राने करणे आता सहज शक्य आहे. १९४२ च्या गायकाला चूक झाली तर पूर्ण गीत पुन्हा गावे लागे. म्हणून तबकडीतील तीन मिनिटे कितीही अपुरी असली तरी ती अखंड आणि खरी होती. आजचा पहिला संग्रह तासाभराचा असेल, पण त्यातील सलग दम किती, हे समीक्षकाने विचारले पाहिजे.

दुसरे पथ्य असे, की निवड कोणाची होती हे विचारात घ्यावे. रचना, भाषा, साथ यांपैकी काय गायकाने ठरवले आणि काय प्रकाशकाने, याचा अंदाज घेतल्याशिवाय निवडीवरून गायकाची अभिरुची ठरवणे अन्यायाचे होईल.

तिसरे पथ्य असे, की गीताचा प्रकार हा दर्जाचा पुरावा मानू नये. ख्याल गायिला म्हणून गंभीर आणि भजन गायिले म्हणून हलके, असा हिशेब बांधणारी समीक्षा ऐकण्याचे कष्ट टाळते. सूर लागला की नाही, शब्द कळला की नाही, दम टिकला की नाही हे प्रश्न दोन्ही प्रकारांना सारखेच लागू आहेत.

चौथे पथ्य असे, की भविष्यकथन टाळावे. १९४२ मध्ये त्या तबकडीवरून भीमसेनांना 'भारतरत्न' मिळेल असे कोणी सांगितले असते तर ती समीक्षा नव्हे, ज्योतिष ठरले असते. ते पद त्यांना २००८ मध्ये मिळाले. मधली सहासष्ट वर्षे साधनेची आहेत, तबकडीची नव्हेत.

निष्कर्ष

१) पं. भीमसेन जोशी यांचे १९४२ चे पहिले ध्वनिमुद्रण भक्तिगीतांचे असणे हा योगायोग नव्हता. तबकडीचा अल्प अवधी, बाजाराची मागणी, गायकाचे अपरिचित असणे आणि त्याच्या बालपणीचा भजनाचा संस्कार या चारही गोष्टी त्यामागे होत्या. त्यांपैकी एकच कारण मानणे अपुरे आहे.

२) पाश्चात्त्य संगीतिकेतील रचना तबकडीत सामावू शकत असल्याने टेनर गायकाला आपली मुख्य कला पहिल्याच ध्वनिमुद्रणात दाखवता आली. ख्यालगायकाला ती सोय नव्हती. त्यामुळे ख्यालगायकाच्या पहिल्या तबकडीवरून त्याच्या ख्यालाविषयी निर्णय देता येत नाही.

३) संतवाणी हा भीमसेनांच्या कारकिर्दीतील उत्तरकालीन उपक्रम मानण्याऐवजी आरंभापासून चालत आलेल्या आणि ख्यालाने समृद्ध केलेल्या प्रवाहाचे परिणत रूप मानणे अधिक उचित आहे. तिला तडजोड म्हणणारे मत कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

४) शास्त्रीय आणि सुगम यांची अभ्यासक्रमातील विभागणी अध्यापनाच्या सोयीपुरती ठीक आहे. कलावंताचे मूल्यमापन करताना तिचा आधार घेतल्यास त्याच्या कामाचा मोठा भाग अभ्यासाबाहेर राहतो. मराठी आणि संगीत या दोन विभागांनी अभंगाचे गायन हा संयुक्त अभ्यासविषय मानावा. ग्रामीण भागातील महाविद्यालयांना त्यासाठी वेगळी सामग्री गोळा करावी लागणार नाही. ती सामग्री त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कानात आहे.